लाल बिल्ल्याची जनावरं

ब्रायडीला गुरांच्या यार्डात काय काम द्यायचं, यावरून सकाळी चहालाच वाद झाला. टूवूंबा शहरात तिचं औषधांचं दुकान, दिवसभर थंड हवेत उभं राहायची सवय, आणि पायातले बूट तर इतके कोरे की तिच्या भाचीने, टेगनने, विचारलंच, "आत्या, यांना धूळ म्हणजे काय ते सांगून आणलंस ना?" पण कॉरेलाच्या रानावर जन्मलेल्या माणसाला व्हरांड्यात बसवून बाकीच्यांनी कामाला जायचं, हे हॅनिगनांच्या घरात कधी झालं नव्हतं. शेवटी डेसने बहिणीला जनावरं एका रांगेत जायच्या कुंपणाच्या बोळाच्या मागच्या तोंडाशी उभं केलं, जिथे माणसाला जनावरांच्या पार्श्वभागाखेरीज काहीही दिसत नाही.

"इथे उभी राहा. जनावर पुढे सरकलं नाही तर हात हलव. ओरडायचं नाही, काठी लावायची नाही. नरेलचा नियम आहे."

"आणि तरी नाही सरकलं तर?"

"तर थांब. त्यालाही तुझ्याजवळ फार वेळ काढायचा नसेल."

ब्रायडी हसली नाही. रात्री जेवणाच्या टेबलावर जे झालं, ते दोघांच्याही मनातून अजून गेलेलं नव्हतं. बापाच्या गोळ्यांची खणाखणांची डबी तिने उघडून टेबलावर ठेवली होती. मंगळवारच्या खणात मंगळवार तसाच, गुरुवारच्या खणात गुरुवार तसाच. "बाबांना मी माझ्याकडे घेऊन जाते," ती म्हणाली होती, आणि डेसने काटा ताटात टाकला होता. "एक्याऐंशी वर्षं या मातीत काढलेल्या माणसाला तू तुझ्या फ्लॅटच्या बाल्कनीत बसवणार?" मग जे बोलणं झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आई गेल्यापासून ही दोघं भावंडं एकमेकांशी नीट बोललीच नव्हती, त्यामुळे तीन वर्षांचं साठलेलं एकदम बाहेर आलं. डेसची बायको नरेल तेवढी गप्प होती. ती गप्प बसली की कुणाच्या बाजूची आहे ते लग्नाला पंचवीस वर्षं होऊनही हॅनिगनांना कळलेलं नव्हतं. ट्रक जाऊ देत, मग ठरवू, एवढ्यावर रात्र मिटली. पलीकडच्या खोलीत म्हातारा जागा होता आणि मधली भिंत पत्र्याची होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तो म्हातारा, क्लेम हॅनिगन, आता निवडीच्या फाटकाशी उभा होता. बोळातून जनावर एकेक करून त्याच्यापुढे येई. डावीकडे ढकललं तर उद्या ट्रकमध्ये, उजवीकडे ढकललं तर आणखी एक मोसम गवतावर. तो कशालाही हात लावत नसे. जनावर आलं की मान जराशी कलती करून पाठीकडे बघायचा आणि फाटक फिरायचं. वजनकाट्यावर नंतर ताडून बघायची डेसला हौस होती. दहा वर्षांत म्हातारा फारसा चुकला नव्हता. आमच्या भागात फाटकाशी कोण उभा आहे यावरून रान कुणाचं ते कळतं. कॉरेलाच्या फाटकाशी क्लेमखेरीज दुसऱ्या कुणाला मी तरी पाहिलेलं नाही.

आणि जनावरंही बघत राहावी अशी होती. गेल्या वर्षी उत्तरेत कुठेतरी पाऊस पडला आणि आमच्याकडे एक थेंबही नसताना नदी पसरत, ओघळत, सगळ्या चरांमधून भरून आली. पाणी ओसरलं तसं गवत गुडघ्याला लागलं. लाल अंगाचे, पांढऱ्या तोंडाचे हे बैल त्या गवतावर वाढले होते. जन्मल्यापासून एक सुई नाही, कानामागे वाढीची गोळी नाही, चाऱ्यात औषध नाही. ब्रिस्बेनची मांसाची कंपनी एवढ्यासाठीच ती घ्यायला येत होती. आठ वर्षांपूर्वी नरेलने ही गोष्ट घरात काढली तेव्हा क्लेम महिनाभर तिच्याशी हवापाण्याखेरीज काही बोलला नव्हता. मग एका सकाळी घोड्यावर बसता बसता म्हणाला, "माझा बाप असंच करायचा. फक्त त्याचे कुणी जास्त पैसे देत नसे." झालं. तेव्हापासून कॉरेलावर तिचा नियम चालू झाला.

नियम एकच होता, पण त्याला दोन बाजू होत्या. औषध द्यायचं नाही. आणि जनावर आजारी पडलं तर एक तासही तडफडत ठेवायचं नाही. सरळ सुई टोचायची, कानातला बिनऔषधी कळपाचा पिवळा बिल्ला काढून लाल बिल्ला मारायचा आणि त्याला घराजवळच्या कुरणात सोडायचं. ते मग बिनऔषधी कळपात परत जात नसे. दुसऱ्या कुणाला साध्या भावाने विकता आलं असतं, पण नरेल विकत नसे. बोअरच्या पाण्याने बारमाही हिरव्या राहणाऱ्या त्या कुरणात, स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर, लाल बिल्ल्याची जनावरं चरत असत, वाळत घातलेले टॉवेल चघळत असत आणि अधूनमधून घरच्या जेवणाला उपयोगी पडत असत. "शहरातल्या लोकांना शुद्ध आणि तुम्ही उरलेलं खाता," असं ब्रायडी एकदा म्हणाली होती. त्यावर क्लेमने मांस कापता कापता उत्तर दिलं होतं, "उरलेलं नाही. ओळखीचं."

सकाळचा भर ओसरेपर्यंत निम्म्याहून अधिक जनावरं फाटकातून गेली. ब्रायडीच्या बुटांना धूळ म्हणजे काय ते चांगलं कळलं होतं. समोरून एक पाठ गेली, दुसरी गेली, तिसरी आली आणि तिचा हात हवेतच थांबला.

तिसऱ्या बैलाच्या शेपटीचा गोंडा बाकीच्यांसारखा टोकाला निमुळता होत गेलेला नव्हता. रंगाऱ्याच्या ब्रशसारखा सरळ संपत होता. चिखल, कुसळं, सगळं त्यात होतं, पण टोक एका रेषेत होतं. ती वाकली. जनावराने मान वळवली तेव्हा कानातला बिल्ला दिसला. पिवळा.

या रानात कापलेल्या गोंड्याचा अर्थ ब्रायडीला कुणी सांगायला नको होता. बिल्ले वगैरे यायच्या आधी, तिच्या आजोबांच्या काळापासून, औषध दिलेल्या जनावराचा गोंडा चाकूने सरळ छाटत. पळत्या कळपात घोड्यावरून दिसायला त्याहून सोपी खूण नाही. लहानपणी ती दोन्ही हातांनी शेपटी ताणून धरायची आणि बाबा एका फटक्यात कापायचे. तोडलेले केस ती खिशात घालून घरी न्यायची आणि आईच्या शिव्या खायची.

तिच्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? मला विचाराल तर, तिला बरं वाटलं. मी म्हणत होते ते खरं निघालं, असं वाटलं. आणि पुढच्याच क्षणी ते बरं वाटणं गेलं, कारण म्हणत होती ते खरं निघालं होतं.

"डेस, इकडे ये."

डेस आला, त्याने बघितलं, आणि टोपी काढून पुन्हा घातली. "तारेत अडकून तुटला असेल."

"तारेत अडकला तर फाटतो. हा कापलाय."

"हळू बोल."

"जनावर बिचकेल म्हणून की बाबा ऐकतील म्हणून?"

"ब्रायडी, एक जनावर आहे. वाढलेल्या केसांवरून बघितलंस तर थंडीतलं असेल. आठ महिन्यांत औषधाचा कणही अंगात उरत नाही, हे तुला दुकानदारीण म्हणून ठाऊक पाहिजे. याला मी हळूच उजवीकडे घेतो. कुणाला काही बोलायची गरज नाही."

"काय बोलायची गरज नाही?" कुंपणावर बसलेल्या टेगनने विचारलं. बावीस वर्षांच्या त्या पोरीचे कान बापाला नेहमीच नडायचे. डेस काही सांगणार तोवर ओळ का थांबली हे बघायला नरेलही पुढून आली. तिने गोंडा बघितला, बिल्ला बघितला, नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं, आणि एक शब्दही न बोलता फाटकाकडे चालू लागली.

त्या पन्नास-साठ पावलांत नरेलच्या मनात काय काय येऊन गेलं. कॉरेलावर चाकूने गोंडा कापणारा माणूस एकच होता. आता यावरून फाटकाशी चारचौघांत सासऱ्याला विचारायचं, आणि तेही नणंद मागे उभी असताना. तिने आवाज नेहमीसारखा ठेवला.

"बाबा, पिवळ्या बिल्ल्याचं एक जनावर आहे. गोंडा कापलेला."

क्लेमने फाटकाची कडी लावली. मग त्याने नदीच्या दिशेने बघितलं.

"हो," तो म्हणाला. "खालच्या डोहावर. तू तुझ्या आईकडे लाँगरीचला होतीस तेव्हाचं. गिजीच्या झाडाचा खुंट पायात गेला होता, पाय हा एवढा सुजलेला. तापाने अंग भाजत होतं. दोन डिंगो कुत्रे पलीकडच्या काठावर बसून वाटच बघत होते. पेनिसिलिन दिलं मी. उद्यापर्यंत थांबलो असतो तर गेलाच असता."

"बरोबर केलंत. मीही दिलं असतं."

"बिल्ले तुझ्या कपाटात होते आणि मी डोहावर. म्हणून गोंडा कापला. तू आलीस तेव्हा सांगितलं की तुला."

नरेलने त्याच्याकडे बघितलं.

"नाही सांगितलं?"

"नाही, बाबा."

क्लेमने मान हलवली, जशी दुसऱ्याच कुणाच्या तरी हलगर्जीपणावर हलवावी. "सांगितलं असं वाटलं मला," तो म्हणाला. एवढंच. पण मागून आलेल्या ब्रायडीने ते ऐकलं आणि डेसने ब्रायडीला ऐकताना पाहिलं.

चहा शेडमध्ये झाला. खारवलेल्या मांसाचे सँडविच, मोहरीचं लोणचं, टेगनने केलेला केक, जो मध्ये बसला होता आणि ज्याबद्दल एरवी कुणीतरी नक्की बोललं असतं. क्लेम पिंपावर बसून बशीतला चहा फुंकत होता. त्याच्यादेखतच त्याच्याबद्दल बोलणं सुरू झालं. घरात कुणी आजारी पडलं की लोक असंच करतात.

"विषय संपला," डेस म्हणाला. "एक होतं, ते सापडलं. लाल बिल्ला लावू, कुरणात सोडू. उरलेली संध्याकाळच्या आत काढून होतात."

"एकच कशावरून?" ब्रायडी म्हणाली.

"बाबा म्हणतायत म्हणून."

"बाबा तर सांगितलं म्हणूनही म्हणाले."

"ब्रायडी."

"मी काय खोटं बोलले? निम्म्याहून जास्त जनावरं आधीच तिकडे गेलीत. त्यांच्या शेपट्या कुणी बघितल्यात? मी बघितल्या नाहीत. मी सकाळभर हात हलवत होते."

"म्हणजे सगळी परत बोळातून काढायची. या उन्हात. दोनदा दमवलेल्या जनावराचं मांस काळं पडतं, ते कंपनी घेत नाही, हे ठाऊक आहे का तुला? आणि कशासाठी? तुला काय सिद्ध करायचंय ते मला कळत नाही असं समजू नकोस."

"कळतंय ना? मग बरं झालं," ब्रायडी म्हणाली, आणि तिचा आवाज बारीक झाला. "हो, मला तेच बघायचंय. बाबा एकटे डोहावर जातात, घोड्यावर जातात. गोळी घेतली की नाही ते त्यांना आठवत नाही. उद्या परतीची वाट आठवली नाही तर? तू त्यांना शोधायला निघशील, मला माहितीये. मला ते सापडायला हवे आहेत, डेस."

टेगन केकचे तुकडे करत राहिली. आधीच केलेल्या तुकड्यांचे आणखी तुकडे.

सगळे नरेलकडे बघू लागले. कळप तिचा, नियम तिचा, उद्या ट्रकवाल्यासमोर हा कळप स्वच्छ आहे म्हणून सांगायचं तेही तिनेच. आणि नरेल, खरं सांगायचं तर, त्या क्षणी डगमगली होती. आठ वर्षांत तिने एकदाही डोळेझाक केली नव्हती. ऐन दुष्काळात, ज्या वासरांना तिने स्वतः बाटलीने वाढवलं होतं, त्यांना रडत रडत लाल बिल्ले मारले होते. पण परत काढा म्हणायचं म्हणजे क्लेम हॅनिगनच्या शब्दावर विश्वास नाही असं म्हणायचं. या माणसाने आयुष्यभर हात मिळवून सौदे केले; त्याने एवढी जनावरं म्हटलं की व्यापारी मोजायला उतरत नसत. तिच्या ओठांवर आलं होतं, जाऊ दे, एकच असेल.

"परत काढा," क्लेम म्हणाला.

"बाबा," डेस म्हणाला, "तुम्ही एकच म्हणालात ना?"

"म्हणालो. मला एकच आठवतं." त्याने बशी खाली ठेवली. "आठवत नाही ते मी कसं सांगू, डेस? ते मला तरी कुठे माहीत आहे?"

शेडच्या पत्र्यावर, या रानाला ज्यांचं नाव आहे त्या कॉरेला पक्ष्यांचा कलकलाट चालला होता. तो जरा शांत झाल्यावर क्लेमच पुन्हा बोलला.

"ऊन उतरू दे. जनावरांना पाणी दाखवा, सावलीला उभी करा, मग हळूहळू काढा. काळोखाच्या आत जेवढी होतील तेवढी, उरली तर पहाटे. ट्रकवाला थांबेल. फाटक नरेल धरेल." तो उठला. उठताना टेगनचा हात त्याने घेतला नाही. "आणि ब्रायडी, मागे तूच उभी राहा. शेपट्या तू बघायच्या."

"मी? डेसला उभा करा ना."

"डेसला दिसणार नाही," म्हातारा म्हणाला. "त्याला बघायचं नाहीये."

ज्या पोरीला बाप इथून न्यायचा होता, तिलाच बापाने पारखायला बसवलं. या माणसाच्या हट्टाच्या शंभर गोष्टी आमच्या भागात सांगतात आणि त्यातल्या निम्म्या मीच वाढवून सांगितल्या आहेत. ही वाढवायची गरज पडत नाही.

सावल्या लांबल्यावर काम सुरू झालं. नरेलने फाटकाची कडी हातात घेतली. ती तिच्या हाताला नवखी होती आणि पहिल्या चार जनावरांना तिने उगाच ताटकळत ठेवलं. पण जनावरं शांत होती. या यार्डात कुणी कधी त्यांच्यावर ओरडलं नव्हतं, त्यामुळे इथून दुसऱ्यांदा जायला त्यांची काही हरकत दिसली नाही. त्या लोकांनी आठ वर्षं खाल्लेल्या खस्तांचं फळ मला विचाराल तर ते हेच होतं, भरल्या बोळातली ती शांतता.

क्लेम कुंपणाच्या आडव्या ओंडक्यावर चढून लेकीच्या शेजारी बसला.

"तुला आठवतं," तो म्हणाला, "तू केस खिशात घालून न्यायचीस?"

"आई धोपटायची."

"धोपटायची नाही. मग तेच केस उशीत भरायची. तुझी ती हिरवी उशी. कशाने भरलेली होती असं वाटलं तुला?"

ब्रायडीने वळून बघितलं. पन्नाशीच्या बाईला हे आज कळत होतं. शेपट्या पुढे सरकत होत्या. निमुळत्या, निमुळत्या, चिखलाने जाड झालेली एक, ती तिने हाताने चाचपून बघितली, निमुळती.

"बाबा, तुम्हाला माझा राग आला का रात्री?"

"आला. पत्र्याच्या भिंतीपलीकडून माणसाला ओरडता येत नाही म्हणून गप्प राहिलो." तो थोडा थांबला. "भीतीही वाटली. तू खरं बोलतेस की काय, म्हणून."

उरलेली जनावरं बोटावर मोजण्याइतकी राहिली. पलीकडे डेस आता शीळ घालू लागला होता. सुटलो अशी शीळ. टेगन म्हणत होती, "बाबा, शीळ नियमात बसते का?" आणि तेवढ्यात तो आला. कपाळावर जरा जास्त पांढरा, अंगाने भरलेला, उद्याच्या कळपातला सगळ्यात देखणा म्हणावा असा. गोंडा सरळ कापलेला. पहिल्यापेक्षाही आखूड.

ब्रायडीने पाहिला. याच्यासाठीच ती उभी होती. हात उचलायचा आणि 'थांबा' म्हणायचं, एवढंच काम होतं. तिचा हात उठला नाही. शेजारी बाप बसला होता, तिचा खांदा त्याच्या गुडघ्याला लागत होता. बैल एक पाऊल पुढे सरकला, आणखी एक. जाऊ दे, असं तिला वाटलं. डेसला दुपारी वाटलं होतं आणि नरेलला वाटलं होतं, तेच, तसंच.

"नरेल," क्लेमने हाक मारली. आवाज अजून यार्डाच्या पार टोकाला पोचत होता. "कडी लाव. इथे एक आहे."

शीळ थांबली.

सगळे आले. क्लेम ओंडक्यावरून उतरला, बोळाच्या फटीतून हात घालून त्याने बैलाच्या पाठीवर ठेवला. मग मागचे दोन्ही पाय पाहिले, डोळे पाहिले, मानेवर सुईची गाठ राहिली आहे का ते चाचपलं. बैल शांतपणे रवंथ करत होता. कुणाला आठवत होतं आणि कुणाला नाही, ते त्या दोघांतल्या एकालाच ठाऊक असणार.

"कापणं माझंच आहे," तो म्हणाला. "डावीकडे जरा खाली उतरतं, माझा हात असाच आहे. पण याला मी ओळखत नाही." त्याने पुन्हा बघितलं. "कधी दिलं, कशासाठी दिलं, काही नाही. ओळखत नाही मी याला."

टेगन वळून पाण्याच्या टाकीकडे गेली आणि तिथे उगाचच तोंड धुवत राहिली. डेसने बापाच्या खांद्यावर हात ठेवला. लहानपणापासून या घरात कुणी कुणाच्या खांद्यावर असा हात ठेवलेला नव्हता, त्यामुळे तो तिथे फार काळ टिकला नाही. ब्रायडी जिंकली होती आणि तिला कुठेतरी बसायला हवं होतं.

"उरलेली काढा," क्लेम म्हणाला. "उजेड आहे."

उरलेल्यांत काही निघालं नाही.

सकाळी ट्रक भरले. शिडीवरून एकही जनावर घसरलं नाही, एकही मागे फिरलं नाही. नरेलने ट्रकवाल्याला कळप स्वच्छ असल्याचं सांगितलं आणि काल दोन बाजूला काढली, असंही सांगितलं. त्याने हात वर केला. धूळ रस्त्यावर बराच वेळ तरंगत राहिली. मग खाली बसली आणि एकाएकी करण्यासारखं कुणापाशीच काही उरलं नाही. ट्रक गेले की ठरवू, असं म्हटलेलं होतं. ट्रक गेले होते.

ब्रायडीची बॅग गाडीत होती. तिने बापाचं काही सामान भरलेलं नव्हतं, पण मागची सीट मोकळी करून ठेवली होती.

ते दोन बैल घराजवळच्या कुरणाच्या तोंडाशी, लहान बोळात उभे होते. नरेलने बिल्ले मारायची पक्कड क्लेमच्या हातात दिली. पहिल्याचा पिवळा काढला, लाल मारला. दुसऱ्याचा पिवळा काढला, लाल मारला. दोन्ही वेळा बिल्ला जिथे बसायचा तिथेच बसला. मग तो पक्कड परत देईना. उरलेला एक लाल बिल्ला त्याने तळहातावर घेतला.

"हा मला लाव," तो नरेलला म्हणाला.

"काय?"

"रोज सकाळी पाच गोळ्या, रात्री दोन. तुझ्या हिशेबाने मी केव्हाच कळपाबाहेर गेलो. नियम म्हणजे नियम." तो हसत होता, पण डोळे लेकीच्या गाडीकडे होते. "लाव. म्हणजे ब्रायडीला न्यायला सोपं."

डेसला हसता आलं नाही. नरेलने सासऱ्याच्या हातातला बिल्ला घेतला आणि त्याच्याच शर्टाच्या खिशात टाकून वरचं बटण लावलं.

"नियम तुम्हाला अर्धाच आठवतोय, बाबा," ती म्हणाली. "लाल बिल्ल्याचं जनावर कॉरेलाबाहेर जात नाही. घराजवळच्या कुरणात राहतं. माझ्या खिडकीसमोर."

पंचवीस वर्षांत पहिल्यांदा हॅनिगनांना कळलं होतं की नरेल कुणाच्या बाजूची आहे. तिने नणंदेकडे बघितलं. "घोड्यावर एकटे नाही. डोहावर एकटे नाही. गोळ्या मी देईन, माझ्यासमोर घेतील. सुई, औषध, चाकू, माझ्याशिवाय नाही. सापडतील ते, ब्रायडी. रोज सकाळी सापडतील."

"मला हे कुणी विचारलंय का?" क्लेम म्हणाला.

"नाही," दोघी एकदम म्हणाल्या.

ब्रायडी गाडीपर्यंत गेली. दार उघडलं, पुढच्या सीटवरून ती खणाखणांची डबी काढली आणि येऊन नरेलच्या हातात दिली. सगळे खण नव्याने भरलेले होते. "महिन्याच्या महिन्याला मी येणार," ती म्हणाली. "आणि मला बोळाच्या मागे उभं करायचं नाही."

"तिथेच उभं राहायचं," डेस म्हणाला. "तुझ्याइतकं शेपट्यांतलं आता इथे कुणाला कळत नाही."

नरेलने कुरणाचं फाटक उघडलं. पहिला बैल धावतच गवतात शिरला. दुसरा, तो कपाळावर जास्त पांढरा, फाटकातच थांबला, मान वळवून म्हाताऱ्याकडे बघत राहिला.

क्लेमही त्याच्याकडे बघत होता. मग त्याने हलकेच त्याच्या पाठीवर थाप मारली.

"जा," तो म्हणाला. "आता रोज भेटशील. ओळख होईल."